ड्रॉइंग्ज शाबूत आहेत

उघडा लॅपटॉप छातीशी धरून महेक धावत जिना उतरत होती... आणि वळणावर, चहाचा कप घेऊन वर येणाऱ्या एका तरुणावर जाऊन आदळली.

"अहो, सांभाळून—"

"आयटीवाले कुठे बसतात? लवकर सांगा ना!" तिचे डोळे भरून आले होते. "माझी ड्रॉइंग्ज पुसली गेलीत!"

शर्टावर सांडलेल्या चहाकडे न बघता त्याने लॅपटॉप घेतला आणि तो तिथेच पायरीवर बसला.

चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनत. महेक डिझाइन विभागात होती. सांगितलेलं काम संगणकावर आपणहून उरकणारा एक एआय एजंट कंपनीने नुकताच आणला होता. 'जुन्या फाइली काढून टाक,' असं तिने त्याला सकाळी सांगितलं, आणि त्या पठ्ठ्याने नव्या साच्याची ड्रॉइंग्जही जुन्यातच धरली. अख्ख्या विभागाची कित्येक महिन्यांची मेहनत! दुपारी तर त्यांवरून साचा कापायला घ्यायचा होता.

तरुणाने पडद्यावर नजर फिरवली आणि तो हसला. "शाबूत आहेत."

"काय?"

"एजंटला मी फक्त नकला दिल्यात. मूळ फाइली तो वाचू शकतो, हात लावू शकत नाही. हे बघा..."

एकेक ड्रॉइंग जागच्या जागी होतं. महेक भिंतीला टेकून मटकन खाली बसली. हसावं की रडावं, तिला कळेना. मग तिने दोन्ही केलं.

"थांबा... 'मी दिल्यात' म्हणजे? तुम्ही — आयटीतले शोएब?"

"हो. एजंटला पूर्ण मोकळीक दिली नाही म्हणून गेल्या आठवड्यात तुम्ही फोनवर ज्याला अडेलतट्टू म्हणालात, तोच."

"अजूनही म्हणेन," ती डोळे पुसत म्हणाली, "पण आता प्रेमाने..." शब्द निसटला आणि तिचे कान तापले.

दुपारी साचा कापायला गेला आणि ते दोघं एजंटचे नियम पक्के करायला शेजारी-शेजारी बसले.

"फाइलीत बदल करू द्यायचा?" शोएबने विचारलं.

"आधी दाखवून."

"आणि पुसायचं?"

"दोन माणसांनी हो म्हटल्याशिवाय नाही. एक मी."

"दुसरं कोण?"

"तुम्ही," महेक पडद्याकडेच बघत म्हणाली. "वर यावं लागेल... चालेल?"

"धावत येईन."

त्यानंतर महेकच्या विभागात पुसण्याजोग्या फाइली अचानक फारच निघू लागल्या. 'अहो'चं 'अरे' झालं. आणि एका संध्याकाळी शोएब तिच्या टेबलापाशी थबकला.

"महेक, ही फाइल तर रिकामी आहे."

"माहितेय."

"मग मला का बोलावलंस?"

"दुसरं कारणच सुचेना..." तिने मान वर केली. आता मागे फिरायचं नाही. "मला तू आवडतोस, शोएब."

शोएबने खुर्ची ओढली आणि सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की पलीकडच्या टेबलावरच्या मंजुषाताईंनी वळून बघितलं.

"किती दिवस धीर गोळा करत होतो गं! आज घरी जाताना बोलणार होतो. बसमध्ये."

"मग बोल की. बसमध्येच."

चाकण चौकात कंपनीची बस नेहमीप्रमाणे कांद्याच्या ट्रकांमागे अडकली. सगळी बस कुरकुरत होती. मागच्या सीटवर शोएब अडखळत, थांबत बोलत होता... आणि महेक मनोमन म्हणत होती, आज रस्ता लवकर मोकळा होऊ नये.