तारांची उंची

शर्टाचं गळ्याजवळचं बटण एका हाताने लावून बघा.

*

चार रंगांचे दोरे घ्यावेत. लाल, पिवळा, निळा, काळा. फार बारीक नकोत, गाठ दिसली पाहिजे.

*

"सात-चाळीसची गाडी किती वाजता सुटते?" हा प्रश्न रोज किमान एकदा येतो.

*

एका दंतवैद्याचा अनुभव: "कपाटाचं दार आपटलं तरी ही कोपऱ्यात उभी राहून गुणगुणते. बायको म्हणते, दोघींपैकी एकीला ठेव."

*

काचेच्या काउंटरवर कोपर टेकलं की आधी गार लागतं. दहा मिनिटांनी काहीच लागत नाही.

*

तारांची उंची, बाराव्या पडद्यापाशी: दोन मिलिमीटर.

*

हे सगळे एकाच गोष्टीचे सुटे भाग आहेत. काम करायच्या आधी मी सगळं काढून टेबलावर मांडते. बाबांनी तसंच शिकवलं.

दुकान बाबांचं. तंतुवाद्यांची दुरुस्ती. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून मी बसते. आलेल्या प्रत्येक वाद्याचं एक जाड कार्ड होतं. त्यावर वाद्य, तारांची उंची (मानेवरच्या पडद्यांपासून तारा किती वर आहेत ते), बिघाड आणि सगळ्यात खाली 'मालकाचा अनुभव' असे रकाने. हा शेवटचा रकाना बाबांच्या हट्टाचा. मालक जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, एक अक्षर सुधारायचं नाही.

"वाद्याचं दुखणं वाद्य सांगतं," बाबा म्हणायचे. "मालक स्वतःचं सांगत असतो."

मी हे शंभर वेळा ऐकलं होतं. शंभर वेळा ऐकलेली गोष्ट माणूस एकशेएकाव्या वेळी ऐकत नाही.

*

तो आला तेव्हा बाहेर भुरभुर होती. गिटारच्या पेटीला त्याने स्वतःचा रेनकोट घातला होता, आणि स्वतः केसांपासून बुटांपर्यंत भिजला होता. मी टॉवेल पुढे केला. त्याने पेटी पुसली.

"तो तुमच्यासाठी होता," मी म्हणाले.

"असू दे... हिला आधी."

पेटीत जुन्या विटेच्या रंगाची सेमी-हॉलो इलेक्ट्रिक गिटार होती. म्हणजे अर्धी पोकळ. मधोमध लाकडाचा भरीव ठोकळा, दोन्ही कुशी रिकाम्या, आणि वरच्या फळीत आवाजासाठी मुद्दाम कापलेल्या दोन नागमोडी भेगा. वयाने ती आमच्या दोघांपेक्षा मोठी असावी.

काय होतंय, मी विचारलं.

"तिसऱ्या-चौथ्या बोटाखाली सूर मरतो," तो म्हणाला.

कार्डावर मी तेच लिहिलं, शब्दाला शब्द. मग तपासायला बसले. प्रत्येक तार, प्रत्येक पडदा दाबून पाहिला. सूर कुठेही मरत नव्हता. ती गिटार ठणठणीत होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याच्या कानामागून पाण्याचा एक थेंब हळूहळू कॉलरकडे निघाला होता — मी त्याच्याकडे बघत बसले.

"आतली वायर सैल असावी," मी म्हणाले. "उघडून बघावं लागेल. गुरुवारी या."

"गुरुवारी?"

"का, जमणार नाही?"

"नाही... म्हणजे जमेल. जमवतो."

बिघाडाच्या रकान्यात मी लिहिलं: वायर.

*

तो बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचा. अकरा वर्षं. मी त्याला 'चौकशी' म्हणू लागले. आधी मनात, मग तोंडावर. त्याने हरकत घेतली नाही. म्हणाला, बरंय, निदान हाक मारून पुढे गाडीची वेळ तर विचारत नाही तुम्ही.

खिडकीला दगडी कट्टा होता. डावं कोपर कट्ट्यावर, रिसीव्हर कानाला, आणि उजव्या हाताने लोकांना फलाट दाखवायचे. हे त्याने मला काउंटरवर डावं कोपर टेकूनच सांगितलं.

*

अशा गिटारला मागे झाकण नसतं. आतलं काही काढायचं तर ते वरच्या भेगेतूनच काढावं लागतं. आवाजाच्या प्रत्येक बटणाच्या दांडीला एकेक दोरा बांधायचा, बटण आत ढकलायचं, भेगेतून बाहेर ओढायचं. परत बसवताना दोराच ते आपल्या जागी आणून सोडतो. दोरा सुटला तर पोकळीत चाचपडत बसा.

ज्या गिटारला काही झालेलं नव्हतं तिचं सगळं पोट मी त्या गुरुवारी बाहेर काढलं. खोटं बोलले होते, तर ते निदान नीट करावं म्हणून.

"दोन दोरे तुम्ही धरा," मी म्हणाले. "निळा आणि काळा. सोडू नका. आतलं आतच राहील."

"माझं बरंच काही आतच आहे," तो म्हणाला.

मी मान वर केली नाही. कान तापले होते ते त्याला दिसलंच असणार.

त्याने निळा दोरा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये धरला. दोन मिनिटांनी तो गळून पडला. मी पुन्हा दिला. पुन्हा पडला.

"धरवत नाही की काय?"

"बोटं झोपलीत," तो हसत म्हणाला, आणि हात खिशात घातला.

मला वाटलं, माझ्यामुळे. इतक्या जवळ बसलोय, गुडघ्याला गुडघा लागतोय, म्हणून थरथरतोय. माणसाचा हात मरत होता आणि मी लाजत होते.

*

दुसरं कार्ड. तारांची उंची: पावणेदोन. मालकाचा अनुभव: "जरा खाली आणल्यात तर बरं. दाबायला जड जातंय."

तिसरं कार्ड. दीड. "पातळ तारा चालतील का? दोन गाण्यांनंतर पंजा भरून येतो."

चौथं कार्ड. सव्वा. "आता करकरते. पण चालेल."

पाचवं कार्ड. एक. "तुम्ही फार समजून घेता."

*

सहा महिन्यांत असे पाच गुरुवार झाले. दुकानात दुसरं कुणी नसायचं. मी तारा उतरवायचे, घासायचे, चढवायचे. तो कोपर टेकून बोलायचा. एका आजीने परतीची गाडी विचारली आणि मग म्हणाली, जायचं कुठे ते अजून ठरवलं नाही. एक माणूस रोज येतो, एकाच गावच्या गाडीची वेळ विचारतो आणि घरी जातो. जगातल्या प्रत्येक गावाला गाडी किती वाजता, ते तो सांगू शकत होता. हाताला काय होतंय, असं मी विचारलं असतं तर तेही त्याने सांगितलं असतं. मी विचारलं नाही. चौकशी तो, मी गिऱ्हाईक, आणि खिडकीशी येऊन मी गप्प उभी.

काम झालं की तो ॲम्प न लावता वाजवायचा. तशी ती गिटार अगदी हळू वाजते. दोन माणसांना ऐकू जाते, तिसऱ्याला नाही. मी काउंटरच्या आतून वाकून ऐकायचे. सूर चुकायचे, मधेच विझायचे. मला त्यातही काहीतरी गोड वाटायचं... काय सांगू.

"तुमच्या हातात वेगळीच वाजते," मी एकदा म्हणाले.

"तुम्ही खाली आणलीत म्हणून," तो म्हणाला. "एखाद्या उंच माणसाने बोलताना वाकावं, तसं करता तुम्ही."

त्या वाक्यावर मी तीन आठवडे काढले.

*

पाचव्या गुरुवारी बाबा आले. रस्त्यावरून दिवा दिसला म्हणाले. आज इथे कशी, असं मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्टूल ओढून बसले.

त्यांनी पाचही कार्डं मागून घेतली आणि भिंग लावून वाचली. चौकशी उभाच होता.

"तारा एवढ्या खाली कुणासाठी आणल्यास?" बाबांनी मला विचारलं. "पाच वर्षांच्या पोरीसाठी?"

मग ते त्याला म्हणाले, "हात आण इकडे. डावा."

बाबांना दिसत कमी होतं, म्हणून ते सगळं चाचपून बघायचे. त्याचा हात त्यांनी वाद्याच्या मानेसारखा धरला. अंगठ्यावरून बोट फिरवत अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या जागेत आणलं. तिथे प्रत्येकाला मांसाचा उंचवटा असतो. त्याला खळगा होता.

"हा खड्डा कधीपासून?"

"बधिर वर्षभर आहे," तो म्हणाला. "खड्डा... पावसाळ्यानंतर."

"आणि तू पहिल्या दिवशी काय सांगितलंस, तुझ्या लक्षात आहे?" बाबांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "'तिसऱ्या-चौथ्या बोटाखाली.' गिटारवाले अंगठा मोजत नाहीत, म्हणजे ही करंगळी आणि हिच्या शेजारचं. बोट म्हणालास, बाळा. तार नाही म्हणालास."

मी स्वतःच्या हाताने लिहिलेलं वाक्य. सहा महिने ते माझ्याच खणात पडून होतं.

*

हॉस्पिटलात त्याच्याबरोबर मी गेले. त्याचं दुसरं कुणी जवळ नव्हतं; थोरली बहीण दूर दिलेली, ती फोनवर रडली.

नर्सने विचारलं, या कोण तुमच्या?

तो गोंधळला. "या... दुरुस्ती करतात."

"मग आमच्याकडे कशाला आणलंत?" नर्स मला म्हणाली, आणि आम्ही तिघं हसलो. त्या दिवशी तेवढंच हसू झालं.

डॉक्टरांनी सांगितलं ते सरळ होतं. कोपरातून जाणारी नस चेपली आहे. ऑपरेशन करून मोकळी करता येईल. जे शिल्लक आहे ते टिकेल. गेलं ते येणार नाही.

"कोपर कशावर टेकता तुम्ही?"

"खिडकीच्या कट्ट्यावर," तो म्हणाला.

माझ्या काउंटरचं नाव त्याने घेतलं नाही.

"सहा महिन्यांपूर्वी आला असतात," डॉक्टर म्हणाले, "तर मी वेगळं बोललो असतो."

*

ऑपरेशन नीट झालं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही अर्धवट मिटलेली राहिली. आता ती कायम तशीच राहणार.

तो दुकानात येईनासा झाला. गिटार माझ्याकडेच होती, भिंतीला टांगलेली. स्टुलाचा पाय सरकला तरी ती बारीक गुणगुणायची. अशीच गिटार घेऊन आलेल्या त्या दंतवैद्याचं कार्ड खरं होतं.

"सांगितलंस का त्याला?" बाबांनी एके दिवशी विचारलं.

"काय?"

"पहिल्या कार्डावर बिघाडाच्या रकान्यात जे लिहिलंयस ते." ते भिंगाची काच पुसत होते. "तिथे मोत्यासारखं अक्षर आहे तुझं. खरं लिहितेस तेव्हा कावळ्याचे पाय असतात."

*

भर दुपारी मी बस स्टँडवर गेले आणि चौकशीच्या रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे सात माणसं होती. सातव्याच्या खांद्यावरून तो दिसत होता. रिसीव्हर आता उजव्या हातात. गळ्याजवळचं बटण उघडं.

काचेला बोलण्यापुरतं गोल भोक होतं. माझा नंबर आला तसा मी वाकले.

"कुठे जायचंय?" तो म्हणाला, मग त्याने वर बघितलं.

"पहिल्या दिवशी गिटारमध्ये काही बिघाड नव्हता," मी म्हणाले. "मी सगळं तपासलं होतं. मला कळलं होतं की काही झालेलं नाही. तुम्ही परत यावं म्हणून मी वायर म्हणाले. तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही हात दाखवला असता."

मागचा बॅगवाला माणूस पुढे झुकला. "ताई, घरचं घरी बोला. माझी गाडी निघेल."

"तुमची कुठली?" चौकशीने त्याला विचारलं. त्याने सांगितलं. "फलाट चार. पंधरा मिनिटं आहेत, सावकाश जा." माणूस गेला.

मग तो माझ्याकडे वळला. मिटलेली दोन बोटं कट्ट्यावर होती, कोपर मात्र अधांतरी. तिथे आता उशी ठेवलेली होती आणि तिच्यावरही तो टेकत नव्हता.

"राग आला नाही असं म्हणणार नाही," तो म्हणाला. "येतोय. आत्ता येतोय. अजून बरेच दिवस येईल."

"हो."

"पण पाटी मी वाचली होती. पहिल्याच दिवशी, बाहेर पडताना."

"कुठली पाटी?"

"तुझ्या दारावरची," तो म्हणाला. तोपर्यंत तो मला कधी तू म्हणाला नव्हता. "हाताला मुंग्या येतात हे मलाही माहीत होतं. डॉक्टरकडे जायला रजा काढावी लागली असती. रजा मी तुझ्याकडे यायला काढत होतो."

मागून कुणीतरी खाकरलं.

"पुढचे," तो म्हणाला. ते मला नव्हतं, आणि मला होतंही.

*

सहावं कार्ड, बऱ्याच दिवसांनी तो पुन्हा दुकानात आला तेव्हाचं. वाद्य: तेच. बिघाड: नाही. (अक्षर वाईट.)

तारांची उंची: दोन मिलिमीटर. त्याने स्वतः सांगितलं, "होत्या तिथे ने. आता माझ्यासाठी वाकू नकोस."

वर नेल्यावर त्याने वाजवून पाहिलं. दोन बोटांनी जेवढं होतं तेवढं झालं. फार झालं नाही. एका गाण्यात तो तीनदा थांबला आणि चौथ्यांदा त्याने हात मांडीवर ठेवला. मग तो उठला, ॲम्पची वायर लावली, त्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि उजव्या अंगठ्याने एक मोकळी तार छेडली. अशा गिटारला स्वतःचा आवाज परत ऐकू आला की ती पोकळीतून हंबरू लागते, आणि हंबरत राहते. डावा हात त्याने बाजूला धरला होता. सूर विझला नाही.

मालकाचा अनुभव: "थांबवावा लागला."

*

आमच्या दुकानाच्या दारावर माझ्या जन्माच्या आधीपासून पत्र्याची एक पाटी आहे: गुरुवारी बंद.