चार नंबरच्या चेंबरचं बटण

हे माझ्यासमोर घडलेलं नाही. पण ज्याच्यावर बेतलं तो जयसिंग माझ्या ओळखीचा, आणि त्या इमारतीचं वायरिंग माझ्या हातचं. तेव्हा मध्ये शंका काढू नका. शंका काढायचा तुम्हाला ऑफिसात पगार मिळतो, तिथं काढा. इथं दिवे गेलेत, ऐका.

९ डिसेंबर २०१७, शनिवार. जयसिंग पुण्याजवळच्या मांजरी गावचा. वडिलांचा ऊस, याचं इंजिनिअरिंग. शीतगृहांची कंट्रोल पॅनेलं बनवणाऱ्या एका कंपनीत तो कर्नेलचं काम बघायचा. कर्नेल म्हणजे त्या यंत्राच्या आतला कारभारी प्रोग्राम. मार्केट यार्डाजवळ एक नवं शीतगृह उभं राहिलं होतं. प्रत्येक चेंबरमध्ये दाराशेजारी एक लाल बटण. माणूस आत कोंडला गेला तर ते दाबायचं, की पॅनेल बाहेर बेल वाजवतं. आतून दार उघडायचे दांडे अजून बसायचे होते. मालक श्यामसुंदरशेठ म्हणायचे, बटण आहे की! शेठ स्वतः कधी आत गेले नाहीत.

तर ते पॅनेल दर वेळी सुरू झालं की पानभर इशारा छापायचं. कंपनीत टेस्टिंगला नसीमबानू म्हणून बाई होत्या, वीस वर्षं त्याच कामात. तो इशारा कशाचा, ते त्यांनी मला समजेल असं सांगितलं होतं. समजा, कोठीची किल्ली खिशात टाकून माणूस आत काम करतोय. बेल वाजली. बेल वाजली की हातातलं टाकून धावायचं, हा नियम. त्याला हे लोक इंटरप्ट म्हणतात. आता बेलच्या कामालाही तीच किल्ली लागते. हा गडी किल्ली टांगायच्या खिळ्यापाशी उभा राहून किल्ली परत यायची वाट बघतो. आणि किल्ली त्याच्याच खिशात. मग तो उभाच. जन्मभर.

बाईंनी जयसिंगला हे तीनदा लिहून दिलं. त्यानं विचारलं, टेस्टिंगच्या चार महिन्यांत पॅनेल असं एकदा तरी अडकलं का? नव्हतं अडकलं. मग त्यानं काय केलं, चूक दुरुस्त नाही केली, इशारा छापणारी तपासणीच बंद केली. कुत्रा भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधायचं, आणि रात्र शांत गेली म्हणून पाठ थोपटून घ्यायची. हसू नका. तुम्हीही तेच करता.

त्या शनिवारी संध्याकाळी त्याला ऑफिसातून फोन आला. इशारा पुन्हा छापला जातोय, जाऊन बघ. त्याला वाटलं, बाईंनीच तपासणी परत चालू केली. चिडूनच गुलटेकडीला, त्या शीतगृहावर पोचला. वॉचमन मैनुद्दीनचाचांनी चहा विचारला, तर म्हणाला, माझ्या डोक्यावर उभे राहू नका. चाचा गेटवर जाऊन बसले.

त्यानं लॅपटॉप जोडला. इंटरनेटसाठी फोन त्यालाच लावून ठेवला. तपासणी बंदच होती. तरी इशारा छापलेला. आठ वाजून बावन्न मिनिटं. कारण, चार नंबरचं बटण.

चार नंबर रिकामा होता. माल भरायचाच होता अजून.

आठ त्रेपन्न. पुन्हा.

वायर कुठंतरी चिकटली असणार, म्हणजे वायरमन गाढव, म्हणजे मी. असं म्हणत तो उठला. दार ओढून आत गेला. बटणाचं झाकण बघायला वाकला. दार जड, मागून आपलं आपण लागलं.

आत दोन अंश.

त्याला हसू आलं. बटण दाबलं. बेल वाजली नाही. पुन्हा दाबलं. नाही. मग त्याच्या ध्यानात आलं. पॅनेल अडकलं होतं. बाईंनी लिहून दिलं होतं, अगदी तसंच... पहिल्याच दाबण्याला.

तो दाबत राहिला. दुसरं करणार काय? हाका मारल्या. भिंती सहा इंचांच्या. बोटं बधिर झाली. त्यानं दोन्ही हात काखेत धरले.

टक्.

बटण खाली गेलं होतं.

वर आलं.

टक्... टक्...

त्याचे दोन्ही हात काखेत होते.

तो मागे सरकला. बटण सावकाश खाली जायचं... थांबायचं... वर यायचं. घाई नाही. सवयीनं दाबावं तसं...

किती वेळ, त्याला सांगता आलं नाही. अर्ध्या तासानं चाचांना वाटलं, साहेब चिडू देत, पण बघून यावं. लॅपटॉप चालू, माणूस नाही. त्यांनी एकेक दार उघडलं. चौथ्यात तो कोपऱ्यात बसलेला.

"साहेब, बेल का नाही मारली?" चाचांनी विचारलं.

जयसिंगनं बटणाकडं बघितलं नाही. "मारत होतं," एवढंच म्हणाला.

रविवारी त्यानं घरी बसून चूक दुरुस्त केली. दोन ओळी. किल्ली घेण्याआधी बेल थोपवायची, काम झालं की सोडायची. दोन ओळींसाठी एवढं. नसीमबानूंना फोन करून माफी मागितली. मग ती नोकरी सोडली. आता बाणेरला लग्नाच्या वेबसाइटी बनवतो.

त्या इमारतीत कोण मेलं होतं, असं विचारणार असाल तर कोणी नाही. आधी तिथं गवत होतं. तुम्हाला प्रत्येक गोष्टीला कारण लागतं.

सोमवारी शेठनी मला बोलावलं. ते बटण मीच बसवलं होतं, आठ दिवसांपूर्वी, कोऱ्या खोक्यातून काढून. लाल रंग पार उडाला होता. मधोमध खळगा पडला होता, अंगठ्याएवढा... देवळाच्या जुन्या पायरीला पडतो तसा.