व्हिनेगरनंतरची पाच मिनिटं

दोन किलोचं लोखंडी वजन केकमावशीच्या डोक्यात तीनदा बसलं होतं. पहिल्याच घावात ती संपली असावी, पण मारणाऱ्याचं तेवढ्यानं समाधान झालं नव्हतं. जमिनीवर सांडलेल्या मैद्यात रक्त मिसळून त्याचा गोळा होऊ लागला होता. ते बघून हवालदार बाहेर गेला आणि भिंत धरून उभा राहिला.

फौजदारबाई आतच थांबल्या. सात वाजायला पाच मिनिटं होती, पोटात चहाचा घोटही नव्हता. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी मढी पुष्कळ पाहिली होती, पण ही बाई ओळखीची होती. ज्यांना अंड्याचा कणही सोसत नाही अशा बारा मुलांचा सकाळचा नाश्ता या एका भट्टीतून जायचा. पिशवीत अंडी असतील त्या गिऱ्हाइकाला मावशी उंबऱ्याबाहेरूनच पाव द्यायची. लोक हसायचे आणि रांगेत उभे राहायचे.

भट्टी तापलेली होती, आणि रिकामी. टेबलावर तेल लावलेला केकचा साचा होता, तोही रिकामा. शेजारी पिठाचं भांडं. पीठ खाली बसलं होतं, पण भांड्याच्या आतून दोन बोटं वर त्याची ओली कड उमटली होती. सोड्याचा डबा आणि व्हिनेगरची बाटली, दोन्ही उघडी. फडताळावरचा एक ट्रे ओढून खाली पाडला होता आणि त्यातले चकचकीत पाठीचे गोल पाव टाचेखाली चिरडले होते, एकूण एक. मागच्या दाराला आतून कडी होती.

कोपऱ्यातल्या स्टुलावर मास्तर बसले होते. शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगमास्तर. अर्धी वस्ती त्यांच्याच हाताखाली रेघा मारायला शिकली होती. सदरा कोपरापर्यंत लाल झाला होता. पोलिसांना फोन त्यांनीच केला होता.

"कधी आलात, मास्तर?"

"साडेसहाला. हॉस्पिटलातून सरळ इथे. माझी नात, चिमणी. काल तिनं इथला पाव खाल्ला आणि तिचा श्वास कोंडला. निळी पडली होती पोर. रात्रभर झुंजली, वाचली. म्हटलं, हिला सांगावं. काळजीत असेल."

"आत काय दिसलं?"

"दार उघडं, आणि ही अशी पडलेली. डोकं मांडीवर घेतलं. हात धरला तर बर्फासारखा गार. फार वेळ झाला असणार, बाई."

"आणखी काही? तुमची नजर चित्रकाराची आहे."

मास्तरांनी डोळे मिटले. "भांड्यातलं पीठ फसफसत होतं. उतू जातंय की काय, असं. नुसते बुडबुडे. त्याच्याकडे बघायला कुणी उरलं नव्हतं. तेवढ्यानं मला रडू आलं."

फौजदारबाईंनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. मग मावशीच्या मानेला हात लावून पाहिला. मान अजून कोमट होती.

"भट्टीजवळ मढंसुद्धा गरमच राहणार," हवालदार दारातून म्हणाला. आत यायला तो अजून तयार नव्हता.

सव्वासातला मावशीचा धाकटा भाऊ रिकामे ट्रे सायकलला बांधून परत आला. भट्टी तोच सांभाळायचा. बहिणीला पाहून त्याच्या हातून सायकल सुटली. तो खाली वाकणार तोच हवालदारानं त्याची कॉलर धरली.

"काल संध्याकाळी बहिणीशी भांडलास. सगळ्या गल्लीनं ऐकलंय."

"भांडलो. म्हटलं, अंड्याचे केकही करू, दुकान वाढेल. ती म्हणाली, आधी मला या भट्टीत घाल."

"आणि घातलंस. जायच्या आधी मारलंस आणि पाव वाटायला निघालास."

थप्पड अशी बसली की पोराचा ओठ फाटला. दुसरी बसण्याआधी फौजदारबाईंनी हवालदाराचं मनगट धरलं.

"हात खिशात ठेवा. गुन्हा तुमच्या तळहातानं सुटत नसतो."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हॉस्पिटलचे डॉक्टर होते; चिमणीच्या चौकशीचा निरोप बाईंनीच ठेवला होता.

"मास्तरांची नात आता ठीक आहे. बारा वाजता सोडतोय, कारण खाटा कमी आहेत. पण तिच्या पोटात अंडं गेलं होतं एवढं नक्की, आणि ते कुठून गेलं हे कुणाला माहीत नाही. आईची समजूत आहे पावातून. नसेल तर? पुन्हा गेलं, तर मी तिला वाचवू शकेन असं समजू नका."

फौजदारबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. खुनी सापडायला दोन दिवस लागले असते तरी मावशी काही परत येणार नव्हती. पोर मात्र बारा वाजता घरी जाणार होती, आणि उद्या सकाळी तिला भूक लागणार होती.

"आधी अंडं शोधायचं," त्या म्हणाल्या.

"खुनी हातात असताना?" हवालदारानं विचारलं.

"हातात आहे ना? मग घट्ट धरा."

भाऊ पायरीवर बसला होता. त्याच्याशी बोलायला त्या शेजारीच टेकल्या.

"हे पाव असे चकचकीत कशानं झाले?"

"दूध आणि साखर. कालपासूनच लावायला लागलो. शाळेत बाकीच्या पोरांचे पाव चमकतात, आमच्या पोरांचे सुकलेले दिसतात. ताईला ते फार लागायचं."

"अंड्याचा हात फिरवला तरी असंच दिसतं."

"दिसतं. पण ताईच्या दुकानात अंडं? वेड लागलंय का?"

"काल हे पाव कुणी कुणी खाल्ले?"

भावानं भिंतीवरच्या यादीकडे बोट केलं. बारा घरं होती. चिमणीचं घर सोडून बाईंनी अकराही ठिकाणी फोन लावला. सगळ्या मुलांनी तोच पाव खाल्ला होता, आणि अकराच्या अकरा ठणठणीत होती. एका आईची उलट तक्रार होती, मुलगा आता दोन मागतो म्हणून.

"आणि ते भांड्यातलं पीठ कधीचं?"

"साडेसहाचं. मी सहा-दहाला निघतो. मग ती केक कालवते."

"इतकं नक्की कसं सांगतोस?"

"पाव उतरवून भट्टी परत तापायला तेवढा वेळ लागतोच. आमच्या केकात फुगवायला अंडं नाही. सोडा आणि व्हिनेगर, बस. व्हिनेगर पडलं की पीठ फसफसून उठतं आणि बघता बघता बसतं. पाच मिनिटांत भट्टीत गेलं नाही तर केकची वीट होते. तेवढ्या वेळात ताई कुणाला भीक घालायची नाही. आमची आई गेल्याचा निरोप आला, तेव्हासुद्धा म्हणाली, थांबा, एवढं भट्टीत घालते." तो थांबला. "मग रात्रभर रडली."

फौजदारबाई उठून आत गेल्या. भांड्यातली ती ओली कड त्यांनी पुन्हा एकदा पाहिली. मग गल्लीच्या तोंडाशी रोज पहाटेपासून ठाण मांडून बसणाऱ्या दूधवाल्याला विचारलं. भाऊ गेल्यापासून पोलीस येईपर्यंत दुकानाच्या दारातून एकटे मास्तरच आत शिरले होते, आणि बाहेर कुणीच आलं नव्हतं.

"मास्तर, तुमचं घर बघू या," त्या म्हणाल्या. "घरात अंडं नाही याची खात्री पोरीला सोडायच्या आत व्हायला हवी."

"बघा की. चार वर्षांत अंडं आलेलं नाही घरात. माझ्या मुलीची सक्त ताकीद आहे."

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. मास्तरांनी गळ्यातल्या दोरीला बांधलेल्या किल्लीनं दार उघडलं. मुलगी बसवर कंडक्टर होती. पहाटे पाचला ती कामावर जायची आणि चिमणीला उठवून खाऊ घालण्याचं काम आजोबांचं. ओटा स्वच्छ होता. चिमणीचा तवा वेगळा, मुठीला लाल दोरा बांधलेला. मास्तरांचा तवा दुसऱ्या खिळ्याला. उलथनं मात्र दोन्ही तव्यांना मिळून एकच होतं.

फौजदारबाईंनी ते उलथनं उजेडात धरलं. मूठ जिथे पात्याला जोडली होती, त्या फटीत पिवळं काहीतरी वाळून बसलं होतं. त्यांनी नखानं टोकरलं. मग गॅलरीत गेल्या आणि गुलाबाच्या कुंडीत बोट घातलं.

त्या आत आल्या तेव्हा दारात मास्तरांची मुलगी उभी होती, कालचाच गणवेश अंगावर. चिमणीचे कपडे न्यायला आली होती. हवालदार आणि मावशीचा भाऊ तिच्या मागे जिन्यात थांबले होते.

"बसा, मास्तर," फौजदारबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, पीठ फसफसत होतं. खरंच होतं. भांड्यावर त्याची खूण आहे. पण व्हिनेगर घातल्यावर ते जेमतेम पाच मिनिटं तसं राहतं. म्हणजे तुम्ही आलात त्याच्या फार तर पाच मिनिटं आधी मावशीनं स्वतःच्या हातानं व्हिनेगर ओतलं होतं. मग तिचा हात बर्फासारखा गार कसा झाला?"

मास्तरांनी सदऱ्याच्या लाल बाह्या खाली ओढल्या.

"गार हाताची थाप तुम्ही रचलीत, भावावर आळ यावा म्हणून. बुडबुडे खरे होते, म्हणून तोंडून गेले. अंड्याविना केक कसा होतो हे तुम्हाला माहीत नव्हतं. भाऊ तेव्हा पाव वाटत फिरत होता. मागच्या दाराला आतून कडी, आणि पुढून तुमच्याशिवाय कुणी आलं नाही, गेलं नाही. शिवाय ज्यानं मारलं, त्यानं ते चकचकीत पाव टाचेनं चिरडले. पावावर एवढा राग कुणाचा असेल?"

"माझा," मास्तर म्हणाले. आवाज वर्गात असावा तसा स्पष्ट होता. "परवापर्यंत पाव कोरडा होता. काल चकाकला आणि काल माझी पोर मरायला टेकली. मी जाऊन विचारलं, अंडं लावलंस ना? ती काय म्हणाली ठाऊक आहे? 'थांबा मास्तर, पाच मिनिटं. एवढं भट्टीत घालते.' आणि पाठ फिरवली. पोर माझ्या हातात गळा ओरबाडत होती, आणि हिला पाच मिनिटं हवी होती. वजन हाताशी होतं. ती पडली तरी मी थांबलो नाही. मला वाईट वाटत नाही, बाई. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मारीन."

जिन्यातून भाऊ पुढे झेपावला. हवालदारानं त्याला कवेत धरलं, या वेळी मारायला नव्हे.

फौजदारबाई मास्तरांसमोर येऊन उभ्या राहिल्या. पुढचं सांगणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. पण पोरीला बारा वाजता याच घरात यायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या संतापल्या होत्या.

"तोच पाव काल आणखी अकरा मुलांनी खाल्ला. एकाचंही पोट दुखलं नाही." त्यांनी मूठ उघडली. तळहातावर मातीत माखलेले पांढऱ्या टरफलाचे तुकडे होते. "हे तुमच्या कुंडीतले. मुलगी कामावर गेली की कधीमधी गुपचूप एक ऑम्लेट. खरं ना? काल केलंत?"

मास्तरांचे ओठ हलले. "तवा वेगळा ठेवतो मी. नेहमी."

"आणि उलथनं?"

फौजदारबाईंनी ते उलथनं त्यांच्यासमोर ठेवलं.

"धुतलं होतं," मास्तर म्हणाले. मग हळू, "पाण्याखाली धरलं होतं."

"त्यानंच चिमणीचा पाव परतलात."

मास्तरांनी उलथन्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या लाल हातांकडे. इतका वेळ ताठ असलेले खांदे खाली आले. एकदम फार म्हातारे दिसायला लागले ते.

"मग मी तिला कशासाठी मारलं?" त्यांनी विचारलं. ते खरोखरच विचारत होते, एकेकाच्या तोंडाकडे बघत.

मुलगी पुढे आली. रडत नव्हती. तिनं बापासमोर हात पसरला.

"बाबा, घराची किल्ली द्या."

मास्तरांनी दोरी गळ्यातून काढून तिच्या हातात ठेवली. तिनं किल्ली खिशात टाकली, बाह्या वर सारल्या आणि ओट्याखालची बादली बाहेर ओढली.

"यांना घेऊन जा, बाई," ती म्हणाली. "बाराच्या आत मला सगळं धुवायचंय."