राजलक्ष्मीचं शेवटचं मत

रविवारी सकाळी साडेदहा वाजता बेपत्ता राजलक्ष्मीच्या नंबरावरून मजकूर आला. तो नवऱ्याला आला नाही, आईला नाही, पोलिसांना तर नाहीच. बारामती भागातल्या बायकांच्या 'पुस्तक भिशी' या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला.

'कादंबरी वाचून झाली. भाषा छान आहे. इझाबेल शेवटी चुलतभावाशी लग्न करते ते पटलं नाही. मी सुखरूप आहे, माझ्या मनानं गेले आहे. मला शोधू नका.'

दुपारच्या आत राजलक्ष्मीची आई छबूबाई आणि भाऊ ज्ञानेश कऱ्हाटीहून पोलीस ठाण्यात हजर झाले. तपास फौजदार वृषाली रणवरेकडे होता.

"तक्रार मागं घ्यायची हाय, मॅडम," ज्ञानेश उभ्या उभ्याच म्हणाला. "ती तिच्या मनानं गेली, आता तिनंच लिवलं. आमच्या घराची लय चर्चा झाली."

"बसा. मावशी, तुम्हीही बसा."

छबूबाई बसल्या नाहीत. त्यांनी फोन पुढं केला. "वाचा की वो एकदा."

"आई, वाटेत दहांदा वाचला मी."

"तुझ्या तोंडानं नको. त्यांच्या."

वृषालीनं मोठ्यानं वाचलं. 'सुखरूप' या शब्दाला छबूबाईंनी डोळे मिटले.

"लिवतीया म्हंजी हाय," त्या म्हणाल्या. "कुठंबी असू दे. हाय न्हवं?"

वृषालीनं केसची फाईल उघडली. राजलक्ष्मी कळंबला सख्ख्या आत्याच्या घरात दिलेली होती. नवरा ऋषिराज तिचा आतेभाऊ. मागच्या आठवड्यात ती दुपारी घरातून बाहेर पडली ती परत आली नाही, आणि तेव्हापासून फोन बंद होता. कळंबमध्ये सगळ्यांची बोटं ऋषिराजकडं होती.

"फोन तिच्याकडंच असायचा?"

"तिच्याकडंच. ज्ञानेशनंच दिला भाऊबीजंला," छबूबाई म्हणाल्या. "तिला जमंना म्हनून लॉक-बिक समदं त्यानंच लावून दिलं."

"मॅडमना काय करायचंय ते," ज्ञानेश म्हणाला.

"मजकूर मंडईच्या बाजूच्या टॉवरवरून आलाय. ती बारामतीत कुणाला दिसली?"

"मी सकाळी दोडका घेऊन मंडईतच हुतो. दिसली असती तर धरून आणली असती."

"सुखरूप आहे म्हणते, मग धरून कशाला आणायची?"

ज्ञानेशनं खांदे उडवले. तक्रार मागं घेण्याचा अर्ज वृषालीनं घेतला नाही.

पुस्तक भिशी विजयमालाबाईंची. त्या निवृत्त शिक्षिका, राहायला बारामतीत. भिशीचा नियम साधा होता. पुस्तक एकच आणायचं, चिठ्ठ्या टाकायच्या, ज्या क्रमानं नावं निघतील त्या क्रमानं ते घरोघर फिरवायचं. वाचून झालं की गटावर मत लिहायचं.

"या खेपेला 'लेडी इझाबेलचा नकार'," विजयमालाबाई म्हणाल्या. "दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड. राजा आजारी, युवराज कारभार बघतोय, आणि मंडळी नाचातून उठत नाहीत. इंग्रजीवरून मराठीत आणलंय. तुम्ही वाचलंय?"

"नाही."

"मग मतं वाचा. पुस्तकापेक्षा तीच बरी आहेत."

वृषालीनं गट वर सरकवला. अनितानं लिहिलं होतं : 'चहा पिऊन पिऊन कादंबरी संपते. भांडी कोण घासतं ते शेवटपर्यंत कळत नाही.' भामाबाईंचं मत नातीनं टाईप केलेलं होतं : 'कप्तान दिसायला चांगला, पण आतेभाऊ तो आतेभाऊ. हक्काचा माणूस. पोरीनं शेवटी शहाणपण केलं.' कुशाबाईंनी त्यांना डिवचलं होतं : 'भामाबाई, तुम्हाला मिशीवाला कप्तान झेपला नसता.'

राजलक्ष्मीनं निम्मं पुस्तक झाल्यावरच लिहिलं होतं. 'इझाबेल नाही म्हणाली तर घर मोडेल, हो म्हणाली तर ती मोडेल. सगळे घराचीच काळजी का करतात?'

त्याखाली हसरे चेहरे होते. कुणी काही विचारलं नव्हतं.

"तेव्हाच फोन करायला हवा होता मी," विजयमालाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, पोरगी छान लिहायला लागली."

वृषालीनं भामाबाईंचं मत पुन्हा वाचलं, मग सकाळचा मजकूर. "पुस्तक आता कुठं आहे?"

"तिच्याकडंच. शेवटचा नंबर तिचा होता."

कळंबला आत्या, म्हणजे राजलक्ष्मीची सासू बनाबाई, दारात गवारी निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"भावाची लेक म्हनून केली," ती म्हणाली. "परक्याची केली असती तर एवढं ऐकावं लागलं नसतं."

"तुम्ही तिला काही बोलला होता?"

"सासू हाय मी. बोलनारच."

ऋषिराज आतल्या खोलीत होता. दाढी वाढलेली. खाटेवर ते पुस्तक पालथं पडलं होतं.

"हे तिनं नेलं नाही?"

"न्हाय. फकस्त फोन घिऊन गेली."

"फोन तुम्हाला उघडता यायचा?"

"मी कशाला उघडू? लॉक बी ठाऊक न्हाय मला."

"तुम्ही मारलंत तिला?"

"एकदा. दोनदा. ती गेली त्या दिशी न्हाय."

"पुस्तक कोण वाचतंय?"

"मीच. ती गेल्यापस्नं." त्यानं ते उचलून वृषालीच्या हातात दिलं. "शाळा सुटल्यापस्नं वाचलेलं पैलं पुस्तक. ती काय वाचायची, कुठं थांबायची, बघावं म्हनलं. त्या बाईचं लगीन आतेभावाशी लावलंय. मी बी आतेभाऊच की. म्हनून शेवटपातुर वाचलं."

वृषालीनं शेवटचं प्रकरण उघडलं. आतेभाऊच होता. मग तिनं अनुवादिकेचं मनोगत काढलं. मूळ कथेतला नवरामुलगा इझाबेलच्या काकांचा मुलगा होता. आपल्याकडं चुलतभाऊ म्हणजे भाऊच, वाचक पुस्तक मिटून ठेवतील, म्हणून त्याला आत्याचा मुलगा केला, असं तिनं मोकळेपणानं सांगितलं होतं.

गाडीत बसल्यावर वृषालीनं स्वतःच्या फोनवर कादंबरीचं नाव शोधलं. इंग्रजी कथासार निघालं. ते तिनं फोनलाच मराठीत करायला लावलं, वाचलं आणि गाडी कऱ्हाटीकडं घ्यायला सांगितली.

ज्ञानेश ओसरीवर होता. छबूबाईंनी चहा ठेवला.

"सापडली का वो?"

"नाही, मावशी. तुम्ही बसा. सकाळचा मजकूर राजलक्ष्मीनं लिहिलेला नाही."

छबूबाईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. ज्ञानेश म्हणाला, "नंबर तिचाच हाय न्हवं?"

"नंबर तिचा, लिहिणारा दुसरा. त्यानं पुस्तक पाहिलेलं नाही. पुस्तकात इझाबेल आतेभावाशी लग्न करते. चुलतभाऊ फक्त इंटरनेटवरच्या कथासारात आहे. तेच फोननं मराठी करून दिलं, आणि या माणसानं तसंच उतरवलं. स्वतः आतेभावाला दिलेली बाई एवढं चुकेल?"

"मग दाजींनी केलं आसंल."

"ऋषिराजनं ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय. ते त्याच्या खाटेवर आहे. त्याला ही चूक झालीच नसती. आणि तिच्या फोनचं लॉक त्याला ठाऊक नाही. तो फोन ज्यानं दिला, लॉक ज्यानं लावलं, जो सकाळी मंडईत होता आणि दुपारी तक्रार मागं घ्यायला आला, तो एकच माणूस आहे. फोन कुठाय, ज्ञानेश?"

चुलीवरचा चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

"इंग्रजांच्यात चालत आसंल म्हनलं," ज्ञानेश अखेर म्हणाला. "चुलतभाऊ."

छबूबाई त्याच्याकडं बघत राहिल्या.

तो खाली मान घालून सांगत गेला. त्या दुपारी राजलक्ष्मीनं कळंबच्या फाट्यावरून त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोन केला होता. मला घेऊन जा, आता तिथं राहणार नाही, म्हणाली. तो मोटरसायकल घेऊन गेला. तिला वाटलं गाडी कऱ्हाटीला चालली आहे. कालव्याच्या रस्त्यावर त्यानं ती पुन्हा कळंबकडं वळवली.

"का?"

"आत्याच्या घरची सोयरीक, मॅडम. वडील गेल्यावर आत्यानंच उभं क्येलं आमाला. काय तोंड दाखवनार हुतो मी तिला?"

"मग?"

"थांब म्हनली, म्हनून थांबलो. उतरली. फोन माझ्या हातात दिला, तुझा तुला घे म्हनली. तू पुढं हो म्हनली. मला वाटलं, रुसलीया. यील मागनं चालत."

"तुम्ही गेलात?"

"व्हय. फर्लांगभर. परत आलो तर रस्त्याला कुनी न्हवतं."

"कालव्यात पाणी होतं?"

"भरून."

"हाक मारली?"

"न्हाय. लोक गोळा झालं असतं."

छबूबाईंनी गाळणी खाली ठेवली. "आन् ह्ये लिवलं कशापायी?"

"तू जेवत न्हवतीस, आई. आन् न्हायतर ह्यांनी कालवा तपासला असता."

"त्येच्यावर जेवले मी दुपारी," छबूबाई म्हणाल्या. त्यांनी वृषालीकडं पाहिलं. "बाई, ह्ये तुमी आज सांगितलं न्हाय तर काय बिघडत हुतं?"

वृषालीनं ज्ञानेशला फोन काढून द्यायला सांगितलं.

दोडक्याच्या रिकाम्या क्रेटखालून फोन निघाला. ज्ञानेशला त्याच संध्याकाळी ताब्यात घेतलं. फोन लपवणं, खोटा मजकूर पाठवणं, पोलिसांची दिशाभूल, एवढंच त्याच्यावर लावता आलं. ऋषिराजवर मारहाणीचा वेगळा गुन्हा दाखल झाला. कालव्याच्या रस्त्यावर नेमकं काय झालं, याला ज्ञानेशच्या जबाबाशिवाय दुसरा आधार नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाटबंधारे खात्यानं पाणी कमी केलं. पाणबुडे दोन पूल आणि पुढची कचरा अडवायची जाळी बघून आले. काही मिळालं नाही. राजलक्ष्मीच्या वर्णनाची एक बाई त्या दुपारी इंदापूरच्या एसटीत चढली, असं एका वाहकानं सांगितलं. फोटो दाखवल्यावर त्याला खात्री देता आली नाही.

ऊस वाळायला लागल्याची शेतकऱ्यांची ओरड सुरू झाली. शुक्रवारी सकाळी कालवा पुन्हा पूर्ण क्षमतेनं सोडण्यात आला.