उसना कोट

आमच्या पाथर्डीच्या साप्ताहिकात माणसं चार आणि पदं पाच. सुमंत कला संपादक. म्हणजे पानं लावायची, शुभेच्छांच्या जाहिरातीत पुढाऱ्यांचे चेहरे त्यांच्या मानाप्रमाणे लहानमोठे करायचे, आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला की तोही ओढून काढायचा. मी तिथं तीस वर्षं विनोदी सदर लिहिलं. निवृत्त झालो तरी रोज जातो. माझ्या विनोदाला घरी कुणी हसत नाही. तिथंही हसत नाहीत, पण चहा मिळतो.

आमचं सगळ्यात मन लावून वाचलं जाणारं पान श्रद्धांजलीचं. फोटो मोबाईलवर येतो, लग्नाच्या पंगतीतून कापलेला. अंगात बनियन, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात. दरसाल ऊसतोडीला जाणारा माणूस स्टुडिओत कधी बसणार? सुमंत मग त्याला कोट चढवायचा. निळसर काळा, दोन बटणांचा. कोट एकच. सहा वर्षं तालुक्यातला प्रत्येक मयत पुरुष त्याच कोटात गेला. अंगद पैलवानाला तो खांद्यात बसेना, तेव्हा सुमंतनं पैलवानाचे खांदे कमी केले. जिवंतपणी हे कुणाला जमलं नव्हतं.

कोट केदारचा होता, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक. केदार सुमंतचा एकुलता एक मुलगा. नोकरीच्या मुलाखतीसाठी कोट शिवला, तो घालून फोटो काढला, आणि पुण्याच्या रस्त्यावरून परत आला नाही. अख्ख्या तालुक्याच्या श्रद्धांजल्या लावणाऱ्या सुमंतनं त्याची कधी लावली नाही. फोटोतला कोट तेवढा घेतला आणि मूळ फोटो पुन्हा उघडला नाही.

अंगदचा दहावा झाल्यावर त्याची बायको कडूबाई अंकाच्या प्रती न्यायला आली. प्रती पिशवीत घातल्या, तरी उठेना.

"भाऊ, मालक सपनात आल्ते," ती म्हणाली. "कोट घालून. म्हनले, हा ज्या पोराचा हाय ते पोरगं तिकडं कुडकुडतंय. लई गारठा हाय म्हनं."

सुमंतनं माउस सोडला.

मी म्हटलं, बाई, शोकात मन काहीबाही दाखवतं. तिनं मान हलवली. मग म्हणाली, खिशापाशी पांढरा दोरा लोंबतोय, तेवढा कापा.

दोरा होता. शिंप्यानं ठेवलेला. पडद्यावर कोट खूप मोठा केल्यावरच दिसायचा. छापलेल्या अंकात दिसणं शक्य नव्हतं.

त्यानंतर सुमंत श्रद्धांजली द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला हळूच विचारू लागला, स्वप्नात आले तर काय म्हणतात ते कळवा. आणि लोक कळवू लागले. कुणाचा बाप सांगून गेला, पोरगं जेवतं नीट. कुणाचा चुलता म्हणाला, बापाची आठवण काढतं. सुमंत रोज दाढी करू लागला, माझ्याआधी ऑफिसात येऊ लागला. त्याच्या स्वतःच्या स्वप्नात मात्र केदार एकदाही आला नाही.

प्रत्येक निरोपाच्या शेवटी एकच वाक्य असायचं. गारठलाय.

"सुमंत, कोट परत दे त्याला," एके दिवशी मी म्हटलं.

"दिला तर त्याची खबर कोण आणणार, नाना?"

मी दोन चहा सांगितले.

सहाव्या वर्षश्राद्धाला त्यानं स्वतःच केदारची जागा राखली आणि मूळ फोटो उघडला. केदार नुसत्या शर्टात होता. हात काखेत घट्ट दाबलेले.

मी म्हटलं, कॉपीऐवजी कट दाबलं असशील.

"आणि हात?" सुमंत म्हणाला.

त्यानं कोट चढवला. कॉलर नीट केली. दोरा कापला नाही. गुरुवारी अंक निघाला.

त्या दिवसापासून खबर बंद झाली. बाकीचे मयत नातेवाइकांच्या स्वप्नात येत राहिले, म्हशीची चौकशी करत राहिले, जावयांना शिव्या घालत राहिले. मुलाबद्दल कुणी बोलेना. सुमंत तीन महिने विचारत होता. मग विचारायचा थांबला. दाढीही थांबली.

मधल्या काळात मी नगरला तपासणी करून आलो. डॉक्टर काय म्हणाले, ते घरी सांगितलं नाही, ऑफिसातही नाही.

परवा मंगळवारी गेलो तर सुमंत पडद्यावर श्रद्धांजलीचं पान उघडून बसला होता.

"मी काही केलेलं नाही, नाना," तो म्हणाला. "सकाळी उघडलं तर असंच होतं."

डावीकडे केदार. पुन्हा शर्टात. पण हात मोकळे, आणि उजवा थोडा पुढे, काही दिल्यासारखा.

उजवीकडे माझ्या सदराचा जुना फोटो. त्यात मी कायम झब्ब्यात असायचो.

सुमंत रडत होता. माझ्याकडे बघायचं टाळत होता.

मी खुर्ची ओढली, चष्मा लावला. खिशापाशी पांढरा दोरा लोंबत होता. खांद्यात, छातीत, कोट मला अगदी मापात बसला होता.

"बोल," मी म्हटलं. "काय सांगायचं त्याला?"