तिसरा वाटा

"नथ्थूआबा, आपल्या विहिरीचा तिसरा वाटा कोणाचा?"

हे विचारायची पैज मोहिनी आणि मेघानं लावली होती. वर्गात सगळ्यात मोठं तोंड माझं, म्हणून मीच. आमची विहीर तीन वाट्यांची. एक वाटा आमचा, एक शेजारच्या शेतातल्या नथ्थूआबांचा. मोटारखोलीत स्टार्टर मात्र तीन. तिसऱ्याला वायरच नाही.

आबा केळीत ठिबकची नळी जोडत होते. मान वर न करता म्हणाले, "पाण्याची पाळी सोडली तं ती पुढच्याले जाते, माहीत हाये ना तुले? मग झालं. तठी इहिरीवर बसून 'उद्या' म्हनू नको."

आम्ही तिघी घरापर्यंत हसत आलो.

दहावीला दोन महिने उरले होते. गणितात ऐंशी पडले तर धुळ्याला मावशीकडे राहून अकरावी, नाहीतर गावातच, असं पप्पांनी ठरवलेलं. घरी टीव्ही, पाहुणे. शेतीची लाईट साडेचारपर्यंत असायची. दुपारी शाळा सुटली की मोटारीवर लक्ष ठेवीन आणि तिथंच अभ्यास करीन, असं मी पप्पांना पटवलं.

पहिल्या दिवशी वेळापत्रक आखलं, चार रंगांत. मग मोबाईल पाहिला. वर्गसमीकरणांची पाच गणितं उरली, त्यांच्यापुढे पेनानं 'उद्या' लिहिलं आणि वही तिथंच ठेवून निघाले.

दुसऱ्या दिवशी पाचही सुटलेली होती. अक्षर माझं. साताच्या पोटात मी आडवी रेघ मारते, तीही होती.

"मोहिने, तू आली होतीस विहिरीवर?"

"मला माझी सुटेनात, तुझी कुठून सोडवू?"

मला भीती वाटली नाही, खरं सांगते. मजा वाटली. मी अंकगणिती श्रेढी सोडली, मग संभाव्यता. रोज 'उद्या' लिहायचं, रोज दुपारी उत्तरं तयार. पानाची कड तेवढी ओली असायची.

सराव परीक्षेत पहिलंच वर्गसमीकरण आलं. मी त्याच्याकडे बघत बसले. आठवेना असं नव्हतं, ते कधी शिकलेच नव्हते असं वाटत होतं. जी गणितं मी स्वतः सोडवली होती, ती जमली. 'उद्या' लिहिलेलं एकही जमलं नाही. चाळीसपैकी सहा.

मेघा म्हणाली, "अगं, रोज विहिरीवर जाऊन काय मासे धरत होतीस?"

मी हसले नाही.

त्या दुपारी वही आणायला गेले. मोटार चालू होती. पत्र्यावर केळीची पानं घासत होती. मी बसायचे त्या पोत्याशेजारी दुसरं पोतं अंथरलेलं होतं, मधोमध दबलेलं. हात लावला. गरम होतं.

तिसऱ्या स्टार्टरचा हिरवा दिवा लागलेला होता.

वही उचलली आणि पळत बांधावर आले. आबा उभे होते. माझ्या तोंडाकडेच बघत होते.

"घरी बसून अभ्यास करीन आबा. इथं नाही येणार परत."

"बापाले सांग तसं. आजच सांग."

सांगायचं म्हणजे सहा मार्क दाखवायचे. धुळं गेलंच. पप्पांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "उद्या सांगते."

मागं मोटार बंद पडली. साडेचार वाजले नव्हते.

आबांनी डोळे मिटले. "पळ," ते म्हणाले. "पोरी, पळ."

मी पळाले. शिवाराची वाट, दूध डेअरी, गल्ली. कुठं थांबले नाही.

दार लोटलेलं होतं. उंबऱ्यापाशी माझ्या चपला काढून ठेवलेल्या होत्या, ओल्या, चिखलानं माखलेल्या.

मी खाली पाहिलं. माझ्या चपला माझ्या पायात होत्या.

फटीतून पप्पा दिसले, खाटेवर. मम्मी भाजी निवडत होती. दोघं समोर कोणाकडे तरी बघत होते.

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

तो आतून आला, माझाच, ठाम.

"पप्पा, मम्मी, मी ठरवलंय. आजपासून मी घरीच बसून अभ्यास करणार. विहिरीवर परत जाणार नाही."