शेवटची बशी

आमच्या प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीचं दार गळतं. पाणी नव्हे, उजेड. तक्रार करकरून मी थकले. सुतार आला, ठोकाठोक केली, चहा पिऊन गेला. फट जिथल्या तिथे. शेवटी माळीबुवांनीच तोडगा काढला. मी आत गेले की ते बाहेरून दाराच्या चारी कडांना काळी टेप लावतात आणि मी टकटक केली की काढतात. "मॅडम, तुमचं पार्सल तयार," हा त्यांचा रोजचा विनोद. त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षातही नाही. पेशी वाढवायला त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही, म्हणून ते माळीबुवा.

त्या दुपारीही मी मोबाइल बाहेरच्या ट्रेमध्ये ठेवला, हातमोजे चढवले आणि आत गेले. टेपचा चर्रर्र आवाज दाराभोवती फिरला. मग फक्त कॅमेऱ्याच्या पंख्याची घरघर उरली.

काम सांगायला सोपं आहे. स्नायूच्या पेशीत दोन प्रथिनं एकमेकांना धरून असतात. एकाला आम्ही खोल समुद्रातल्या एका कोळंबीचं, उजेड पाडणारं प्रथिन जोडतो. त्याला त्याचं खाद्य मिळालं की ते निळं चमकतं. दुसऱ्याला पिवळा रंग जोडतो. तो आपणहून चमकत नाही. निळं त्याला अगदी चिकटून असेल तरच त्याचा उजेड घेतो आणि पिवळा दिसतो. केसाएवढं अंतरही त्याला फार. थोडक्यात काय, निळं म्हणजे एकटं आणि पिवळं म्हणजे कुणीतरी धरलंय.

माझ्या धाकट्या भावाची ती दोन प्रथिनं एकमेकांना धरत नाहीत. शिडीवर उभं राहून दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. आता खुर्चीतून पलंगावर जायचं तरी आईला हाक मारतो. त्याच्या मांडीतून काढलेल्या पेशींवर आम्ही एकामागून एक औषधं घालून पाहिली. गेल्या खेपेला तो म्हणाला, "ताई, आता सुई बास हं. माझ्या मांडीची चाळण केलीस." हसतच म्हणाला, पण मला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. ही त्याच्या पेशींची शेवटची बशी होती, आणि औषधही शेवटचंच.

शेजारी दुसरी बशी होती, पडताळ्याची. तिच्यात निळं होतं, पिवळा रंग घातलेलाच नव्हता. ती निळी राहिली तरच पहिलीवर विश्वास ठेवायचा. तिला खाद्य घालताना माझा हात हलला आणि बशीतलं थेंबभर पाणी माझ्या डाव्या तर्जनीवर उडालं. मोज्याच्या टोकाला निळा ठिपका लागला. वेंधळी कुठली, मी स्वतःलाच म्हटलं.

भावाच्या बशीत औषध आणि खाद्य घातलं आणि फोटो घेत बसले. निळं. पुन्हा निळं. कॅमेऱ्याच्या डब्याचं झाकणच उघडलं, कारण डोळे सरावले की हा उजेड कॅमेऱ्याशिवायही दिसतो. निळंच होतं मेलं! मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. कुणी ऐकत नाही म्हणून मोठ्यानेच बोलले.

"धर ना रे. कुणीही धरा, पण धरा त्याला."

पंखा थांबला.

वीज गेली असेल म्हणून मी अंदाजाने बटणाकडे हात नेला, आणि बशीच्या कडेला पिवळं दिसलं. आधी मोहरीएवढं. मग ते पसरत गेलं, पसरत गेलं आणि सगळी बशी पिवळी झाली. मी तोंडावर हात दाबून रडले. आईला काय सांगायचं, कसं सांगायचं, सगळं मनात ठरवूनही टाकलं.

मग पडताळ्याच्या बशीकडे पाहिलं. तीही पिवळी होती.

त्या बशीत पिवळं व्हायला काही नव्हतंच. मी स्वतः भरली होती. तिथल्या निळ्याला जे धरून होतं ते मी घातलेलं नव्हतं.

मी दारावर टकटक केली.

"आलो, आलो." टेप निघाल्याचा आवाज दाराभोवती फिरला. मग कडी खडखडली. दार हललं नाही.

"मॅडम, बाहेरची काढली मी. आता आतली तुम्ही काढा."

"आत कुठली टेप?"

"अहो, हे काय, फटीतून दिसतेय की."

मी चाचपून पाहिलं. टेप होती. चारी कडांना, एकही सुरकुती नाही. कुणीतरी अंगठ्याने दाबत दाबत बसवली होती.

बाहेर माझा मोबाइल वाजला.

"तुमच्या भावाचा आहे. उचलू?" माळीबुवांनी तो दाराशी धरला असावा, कारण आवाज स्पष्ट आला.

"ताई! अगं मी उभा आहे! कशालाही न धरता, नुसता उभा! आई बघ कशी रडतेय."

बाहेर जाऊन बोलावं म्हणून मी खालच्या कोपऱ्यातून टेप सोलली. उजेडाची एक रेघ जमिनीवर आली, टेबलावर चढली.

भावाची बशी निळी झाली.

फोनमध्ये काहीतरी धाडकन पडलं. आई ओरडली.

मी टेप झटकन दाबली. रेघ गेली. बशी पुन्हा पिवळी झाली.

"काही नाही, काही नाही," भाऊ धापा टाकत म्हणाला. "पडलो गं. पण उठलो बघ! ताई, गंमत सांगू? मागून कुणीतरी धरलंय असं वाटतंय. हात गार आहेत, पण पक्के."

आई मागे हसत होती. किती दिवसांनी ऐकलं तिचं हसणं.

"मॅडम," माळीबुवा हळूच म्हणाले, "काढताय ना टेप?"

मी अंगठ्याने टेप दाबत गेले. कोपऱ्यापर्यंत, एकही सुरकुती न ठेवता.

"तुम्ही बाहेरूनही लावा परत," मी म्हटलं. "आज वेळ लागेल."

टेपचा आवाज दाराभोवती फिरू लागला. मी चाचपत खुर्चीवर बसले आणि डावा हात मांडीवर ठेवला.

तर्जनीच्या टोकावरचा ठिपका पिवळा झाला होता.